शेजारची सीट

रफिकने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि शेवटी चष्मा कपाळावर चढवून दाराच्या काचेशी नेऊन उजेडात धरला. कुंदा काउंटरवर कोपरं टेकून त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, एवढंच तिचं त्या भाषेतलं ज्ञान. पण कागदाखालचा शिक्का लाल होता, आणि तेवढं समजायला भाषा लागत नाही.

"नामंजूर हाय, भाभी."

"ते कळलं. का, ते सांगा."

रफिक श्रीवर्धनचा. आखातातल्या फुजैरात त्याचं टायपिंग सेंटर होतं, आणि गेली सतरा वर्षं गावातल्या निम्म्या हिंदुस्तानी माणसांचे व्हिसाचे अर्ज, जन्माचे दाखले आणि कधीमधी मयताची पत्रं त्याच्याच हातून टाइप होऊन जात होती. वाईट बातमी देताना आवाज खाली आणायचा, हे त्याला सरावाने जमलेलं होतं. आज मात्र त्याच्या आवाजात दुःखापेक्षा गोंधळ जास्त होता.

"असं लिवलंय," तो ओळीखालून बोट फिरवत म्हणाला, "की गाडी सुटताना उमेदवार डोळे मिटून घेते. तीन वेळा गाडी सुटली, तीनी वेळा मिटले. म्हणून शिकाऊ इन्स्ट्रक्टरचं लायसन देता येत नाय."

"कोणी मिटले?"

"तुमी, भाभी."

कुंदाला आधी हसू आलं आणि मग संताप. परीक्षा तिला लख्ख आठवत होती. शिकाऊ इन्स्ट्रक्टरची परीक्षा म्हणजे एक नाटकच असतं. पोलीस खात्यातली बाई शिकाऊ म्हणून चाकामागे बसते आणि मुद्दाम चुकतमाकत गाडी चालवते. उमेदवाराने तिच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी जादा बसवलेला ब्रेक असतो त्यावर पाय ठेवायचा, आणि तिला शिकवायचं. त्या दिवशीची पोलीसबाई जेमतेम पंचविशीची होती. कुंदाने तिला आरसे समजावले, क्लच समजावला, राउंडअबाउटला कोणाला आधी जाऊ द्यायचं तेही समजावलं. बाई हसून थँक्यूसुद्धा म्हणाली होती. आणि मागाहून हा कागद!

"खोटं आहे," कुंदा म्हणाली. "साफ खोटं. तसंच लिहा अपिलात."

रफिकने चष्मा कपाळावरून खाली नाकावर घेतला.

"पोलिसांना खोटं म्हणायचं नाय, भाभी. अपील एकदाच करता येतं. ते फेटाळलं तर दोन वर्षं अर्जच घेत नायत. घरी साहेबांना विचारा, शांत डोक्याने मजकूर आणा, मी अरबीत फस्क्लास करून देतो."

दोन वर्षं. गाडीत बसल्यावर तिने तोच हिशेब पुन्हा घातला. ड्रायव्हिंग स्कूलच्या लीलाम्मा महिनाअखेरीस केरळला कायमच्या परत चालल्या होत्या. गावात बायकांना शिकवणाऱ्या त्या एकट्याच. स्कूलच्या मालकाने कुंदाला स्वतःहून विचारलं होतं, पण तो महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. नाहीतर शारजाहून कोणीतरी येणार. दोन वर्षांनी लेक वैभवी कॉलेजला पुण्याला गेलेली असेल, नवरा चारुदत्त तेलाच्या टर्मिनलवर असेल, आणि कुंदा सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून समुद्रात नांगर टाकून उभी असलेली तेलाची जहाजं मोजत असेल. व्हिसाच्या पानावर तिच्या नावापुढे 'गृहिणी' असं लिहिलेलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण लग्नाआधी दोन वर्षं ती शाळेत गणित शिकवत होती, आणि समोरच्या पोराच्या चेहऱ्यावर गोष्ट उमगल्याचं दिसतं तेव्हा जे वाटतं, ते तिला पुन्हा एकदा हवं होतं. अगदी हपापल्यासारखं हवं होतं.

तिने आरसा बघितला, खांद्यावरून मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी काढली. डोळे टक्क उघडे होते. कोणीतरी येऊन बघावं, असं तिला वाटलं.

रात्रीच्या जेवणाला तिने ही सगळी कर्मकहाणी तावातावाने सांगितली. वैभवी वरणभात कालवत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"बट यू डू, आई."

"काय आय डू?"

"क्लोज युअर आइज. एव्हरी टाइम. कारमध्ये, प्लेनमध्ये. इव्हन इन द लिफ्ट. ऑल माय फ्रेंड्स नो."

कुंदाच्या हातातला डाव तसाच राहिला. चारुदत्तला हसताहसता ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो पुन्हा हसायला लागला.

"अगं, म्हणजे ते होय! वैभवी, तुझी आई गाडी सुरू झाली की देवाचं नाव घेते. लग्न झाल्यापासून. मी सेल्फ मारतो आणि गिअर टाकायच्या आधी एक सेकंद थांबतो. म्हटलं, हिचं होऊ दे. सोळा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, तो काय उगीच?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत झाली. सगळ्या बिल्डिंगला माहीत असलेली गोष्ट तिला तेवढी पोलिसांच्या लाल शिक्क्याने कळली होती. पण त्याचबरोबर तिला हायसंही वाटलं. देवाचं नाव! म्हणजे कारण होतं, आणि चांगलं चारचौघांत सांगण्यासारखं होतं.

चारुदत्तने जेवण उरकताच टेबल पुसून कागद घेतला. तो टर्मिनलवर जहाजांना तेल देण्याच्या खात्यात होता, आणि पत्र लिहायचं म्हटलं की त्याला हुरूप येई. माणूस सज्जन, नाकासमोर चालणारा. ऑफिसात कुणाशी कधी वर आवाज नाही. तो फक्त चाकामागे बसला की निराळा होई. एक हात चाकावर, दुसरा कॅसेट बदलायला, खजुराची बी खिडकीतून फेकायला किंवा डोंगर दाखवायला मोकळा. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड करून बोलावं, हा त्याचा शिष्टाचार गाडीतही सुटत नसे. इंडिकेटर ही त्याच्या मते भित्र्या लोकांसाठी कंपनीने केलेली सोय होती. पण खरोखरच आजवर एक ओरखडा नव्हता, त्यामुळे त्याला बोलणार कोण?

"विथ रेफरन्स टू द अबव्ह," तो मोठ्याने म्हणत लिहू लागला. "अर्जदार ही धार्मिक स्त्री असून तिच्या समाजातील प्रथेप्रमाणे... बघ, इथले लोक धर्माला मान देतात. ह्या मुद्द्याला कोणी नाही म्हणणार नाही. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करीन, असं शेवटी टाकू. खलास."

"बरं," कुंदा म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

रफिकने ते पत्र अरबीत उतरवलं, वर आपल्या पदरचं एक वाक्यही घातलं की हे सगळं कुटुंबच देवभीरू आहे, आणि त्याचे पैसे लावले नाहीत. वाहतूक पोलिसांच्या कचेरीतून पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली.

शुक्रवारी सकाळी कुंदा खालच्या मजल्यावरच्या हाफिजाबरोबर मासळीबाजारात निघाली. हाफिजा दापोलीची, नवऱ्याचं कापडाचं दुकान, स्वतःची जुनी कोरोला, आणि चालवणं असं सावकाश की मागचे हॉर्न वाजवून दमत. कुंदा तिच्या शेजारी बसली. सगळी हकीकत हाफिजाला आधीच कळलेली होती. तिने किल्ली फिरवली आणि गाडी न हलवता कुंदाकडे बघत राहिली.

"मिटलंस बघ!"

कुंदाने दचकून डोळे उघडले.

"काय गो, कुठला मंत्र म्हणतंस तवा?" हाफिजाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मी बिस्मिल्ला म्हणते. तू काय म्हणतंस?"

कुंदाने सांगायला तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. गणपतीचं नाव घेते म्हणावं, तर गणपती नव्हता. कुलदेवी नव्हती, रामरक्षेची ओळ नव्हती. मिटलेल्या डोळ्यांमागे सोळा वर्षांत तिने कोणाचंच नाव घेतलेलं नव्हतं. तिथे नुसता काळोख होता आणि छातीत धडधड.

"आणि पाय बघ तुझा," हाफिजा म्हणाली.

कुंदाने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर असा रुतलेला होता की चपलेचा अंगठा वाकला होता. तिथे ब्रेक नव्हता, पण ती तो दाबत होती.

ती म्हणाली, "हाफिजा, जरा थांब. आत्ता गाडी काढू नकोस."

तिला ती दुपार जशीच्या तशी आठवली. लग्नाला अकरा दिवस झाले होते. दुबईच्या विमानतळावरून चारुदत्त तिला घरी आणत होता, आणि मसाफीच्या डोंगरातून उतरताना एका वळणावर तो चाकावरचा हात काढून, अख्खं तोंड तिच्याकडे वळवून म्हणाला होता, "आता समुद्र दिसेल हं. बघ!" समोरून खडीचा ट्रक येत होता. तिने डोळे गच्च मिटले. ट्रक भोंगा वाजवत बाजूने गेला. "काय गं, घाबरलीस?" त्याने विचारलं. अकरा दिवसांची नवरी नवऱ्याच्या गाडी चालवण्याला नावं कशी ठेवणार? "छे," ती म्हणाली होती, "देवाचं नाव घेत होते." तो इतका खूश झाला की रात्री त्याने आपल्या आईला ट्रंक कॉल करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करून तो तिच्याकडे कौतुकाने बघत थांबला. मग डोळे मिटणं भागच होतं.

आणि पुढे ते अंगवळणी पडलं; गाडी सुटताना, आणि मसाफीच्या त्या वळणावर तर हमखास. चाक स्वतःच्या हातात असताना तिला कधी भीती वाटली नाही. सहा वेळा नापास होऊन सातव्यांदा लायसन मिळवलं तेव्हाही नाही, बिल्डिंगमधली पोरं पाच वर्षं शाळेत नेली तेव्हाही नाही. भीती होती ती शेजारच्या सीटवर. चाक दुसऱ्याच्या हातात असलं की. आणि तिने मागितलेली नोकरी जन्मभर त्याच सीटवर बसायची होती.

हे तिने हाफिजाला अडखळत सांगितलं. हाफिजा हसली नाही. तिने इंजिन बंद केलं.

"साहेबांना म्हाईत हाय?"

"नाही."

"मंगळवारपर्यंत काय करायचं, ते बोल."

मासळी त्या दिवशी राहिलीच. समुद्राकडेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये हाफिजा गाडी सोडत होती, थांबवत होती, पुन्हा सोडत होती. पहिल्या चार वेळा कुंदाचे डोळे मिटलेच. पापण्या तिचं ऐकेनात. मग हाफिजालाच सुचलं. "तोंडाने बोल गो," ती म्हणाली. "दिसेल त्याचं नाव घे. म्हणजे बघावंच लागेल."

"खांब," कुंदा म्हणाली. "डबा. मांजर. पांढरी पिकअप. पिकअप थांबली. मांजर गेलं."

अकराव्या वेळी हाफिजाने मुद्दाम गाडी कठड्याच्या रोखाने नेली, आणि कुंदा नुसती ओरडली नाही. तिने हात घालून चाक वळवलं. दोघी हसत सुटल्या. शनिवार, रविवार, सोमवार, पोरं शाळेत सोडून झाली की दोघी तिथेच. चारुदत्तला वाटलं, ह्या स्वस्तातली सुरमई शोधताहेत.

मंगळवारी त्याने अर्धी रजा टाकली आणि तिला कचेरीत घेऊन आला. बायकांच्या विभागात पुरुषांना मज्जाव होता. तो बाहेर बाकावर बसला, आणि जाताना तिला म्हणाला, "जास्त बोलू नकोस. पत्रात सगळं आहे."

आत टेबलामागे कॅप्टन मैथा नावाच्या पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. गणवेश कडक, चेहरा दमलेला, हातात लहान पेल्यात बिनदुधाचा चहा. त्यांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं. फुजैरातल्या जुन्या लोकांसारखं त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

"तुम दुआ करता?" त्यांनी विचारलं. "गाडी चालू, तो दुआ?"

पत्र बोलत होतं, म्हणून कुंदा गप्प राहिली.

"दुआ अच्छा चीज," कॅप्टन बाई म्हणाल्या. "वो लडकी नया है, उसको मालूम नहीं. मैं लिखता, रिलिजन. दुआ करो, लेकिन आँख खुला. ठीक? खलास." आणि त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का बाहेर काढला. शाईची उशी हिरवी होती.

कुंदाने त्या हिरव्या शाईकडे पाहिलं. आता फक्त मूग गिळून बसायचं होतं, आणि त्याची तिला सोळा वर्षांची सवय होती. बाईंनी शिक्का उशीवर दाबलासुद्धा. पण तिला उगाच एक मुलगी दिसली: कोणी तरी विशीतली, पहिल्यांदा चाकामागे बसलेली, हात घामेजलेले, शेजारच्या बाईवर सगळा भरवसा टाकून क्लच सोडणारी. चार दिवसांची मेहनत ठीक होती. पण ही सीट दुआच्या नावावर मिळवायची, म्हणजे पुन्हा त्याच खोट्यावर बसायचं.

"मॅडम," ती म्हणाली. "वो लेटर बरोबर नहीं है."

शिक्का हवेत थांबला.

"दुआ नहीं करता?"

"नहीं. डर लगता था. दूसरा आदमी गाडी चलाता है तो मुझे डर लगता था. इसलिए आँख बंद."

"लेटर तुम्हारा हस्बंड का है," कॅप्टन बाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "हस्बंड झूठ लिखा?"

"झूठ नहीं, मॅडम. उसको मालूम नहीं है."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. गेलं, तिला वाटलं. स्वतःच्या हाताने घालवलं.

"डर किससे?" बाईंनी विचारलं. "किसका गाडी से?"

"हस्बंड का," कुंदा म्हणाली. आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून एका हाताने हवेतलं चाक धरून, दुसऱ्या हाताने डोंगर दाखवत, तोंड वळवून तिने चारुदत्त करून दाखवला.

कॅप्टन मैथांचा चहा हिंदकळला. त्या हसल्या त्या अशा की शेजारच्या खोलीतून दोघी पोलीसबाया डोकावल्या. बाईंनी त्यांना अरबीत काहीतरी सांगितलं, हाताने डोंगर दाखवला, आणि त्याही भिंतीला टेकून हसायला लागल्या.

"हबीबती," डोळे पुसत बाई लाडाने म्हणाल्या, "सब का हस्बंड ऐसा चलाता!" मग त्या गंभीर झाल्या. शिक्का त्यांनी उशीवर परत ठेवला. "लेकिन डरनेवाला टीचर मैं कैसे देगा?"

"अभी आँख बंद नहीं होता. टेस्ट लो मेरा. अभी लो."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग टोपी उचलली. "यल्ला, चलो," त्या म्हणाल्या.

बाई स्वतः चाकामागे बसल्या. कुंदा शेजारी. पायाशी जादा ब्रेक होता, आणि तिने पाय त्यावर नुसता टेकवला, दाबला नाही. पहिल्यांदा गाडी सुटली तेव्हा पापण्या फडफडल्या. तिने ओठांतल्या ओठांत सुरू केलं.

"खांब. गेट. शिपाई. आरसा. रस्ता मोकळा."

"क्या बोलता?" बाईंनी विचारलं. "अभी दुआ?"

"नहीं मॅडम. जो दिखता है, वो."

बाईंनी मुद्दाम गाडी बंद पाडली, कुंदाने क्लच समजावला. दुसऱ्यांदा सुटली, बाईंनी राउंडअबाउटला घाई केली, कुंदाने थांबवलं. तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी बाहेर काढताना बाई हातातलं घड्याळ सारखं करू लागल्या आणि आरशाकडे न बघताच त्यांनी चाक फिरवलं.

"झाड. दुकान. आरसा. टँकर..." कुंदा म्हणत होती, आणि तो शब्द पुरा व्हायच्या आत तिचा पाय ब्रेकवर गेला होता. गाडी जागीच आचका देऊन थांबली. पाण्याचा टँकर बाजूने घरघरत निघून गेला, आणि त्याच्या वाऱ्याने खिडकीची काच थरथरली.

"आरसा बघितल्याशिवाय कडेची गाडी काढायची नाही," कुंदा एका पोलीस कॅप्टनला खणखणीत मराठीत म्हणाली. "कधीच नाही!" मग तिच्या लक्षात आलं आणि ती हिंदीत सांगायला गेली.

"समझा," बाई म्हणाल्या. त्यांनी टँकर आधीच पाहिला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "डर लगता है, अच्छा. डरनेवाला देखता है. जो नहीं डरता, वो नहीं देखता. अभी चलो, मेरा चाय ठंडा हो गया."

हिरवा शिक्का कागदावर उमटला तेव्हा कुंदाने त्याला हात लावला, आणि थोडी शाई तिच्या बोटाला आली. बाहेरच्या कूलरचं ती लागोपाठ तीन पेले पाणी प्यायली. अंगावरून मोठं ओझं उतरावं तसं तिला हलकं हलकं वाटत होतं, आणि सकाळपासून पोटात काही नाही हे एकदम जाणवून सडकून भूक लागली होती.

चारुदत्त बाकावरून उठला. तिचं बोट बघून त्याला कळलं.

"मंजूर! बघ, सांगत नव्हतो? देवाचा मुद्दा कोणी खोडून काढूच शकत नाही. काय म्हणाल्या बाई?"

"घरी चला. सांगते."

तो चाकामागे बसला. ती शेजारच्या सीटवर. त्याने सेल्फ मारला आणि सवयीप्रमाणे गिअर टाकायच्या आधी थांबला. एक सेकंद, सोळा वर्षं थांबत आला होता तसा, समोर बघत, अदबीने. मग कडेला नजर टाकली. कुंदाचे डोळे उघडे होते.

"झालं?" त्याने विचारलं.

"अहो," ती म्हणाली, "दोन्ही हात."

"अं?"

"दोन्ही हात चाकावर ठेवा. आणि मी बोलेन तेव्हा माझ्याकडे बघू नका."

त्याने दुसरा हात उचलून चाकावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, पण तिच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून तो समोरच बघत राहिला. गाडी निघाली. कुंदाने सांगायला सुरुवात केली; ट्रकपासून, अकरा दिवसांपासून. मधोमध कॉफीची मोठी किटली उभारलेला राउंडअबाउट गेला, पुढचा गेला. तिने काही गाळलं नाही, आणि त्याला लागेल असं काही मुद्दाम वाढवलंही नाही. पोलिसांना त्याची नक्कल करून दाखवली, तेही सांगितलं. ऐकताना चारुदत्तचे कान लाल होत गेले. त्याचा वेग ऐंशीवरून साठावर आला, साठावरून पन्नासवर. एक टॅक्सी हॉर्न वाजवत पुढे निघून गेली आणि त्याने तिला जाऊ दिलं.

समुद्राकडेच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "सोळा वर्षं?"

"सोळा वर्षं."

"मी आईला ट्रंक कॉल केला होता गं."

"माहीत आहे."

बाहेर नांगर टाकलेली जहाजं दुपारच्या उन्हात उभी होती. कुंदाला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात ह्याचं तिला नवल वाटलं.

"शुक्रवारी मसाफीला जाऊ," तो म्हणाला. "त्या वळणावरून समुद्र फार सुंदर दिसतो."

"बघितलाय की. कितीदा गेलोय आपण."

"नाही बघितलास," चारुदत्त म्हणाला. दोन्ही हात चाकावर होते, आणि नजर समोर. "तू चालव. मी शेजारी बसेन."

त्यांच्या बिल्डिंगचं वळण जवळ आलं. रस्ता रिकामा होता. पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. चारुदत्तने चाकाजवळची दांडी चाचपली, काचेवरचा वायपर एकदा कोरडाच फिरला, मग त्याला दुसरी दांडी सापडली, आणि गाडीत टिक टिक असा आवाज सुरू झाला.